भांडण नसेल तर कोर्ट कशाला?

‘वडिलांनी मृत्युपत्र करून ठेवलंय. रजिस्टर केलंय. दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत. आम्हा भावंडांत वाद नाही. मग कोर्टात कशाला जायचं?’

फलटणच्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर, बँकेच्या काउंटरवर, तलाठी सज्जात हा प्रश्न हमखास ऐकू येतो. विचारणाऱ्याचं चुकत नाही. घरातलं माणूस गेलेलं असतं, दहावं-तेरावं आटोपलेलं असतं आणि मग कळतं की माणसाचं सगळं आवरलं तरी त्याच्या कागदांचं काहीच आवरलेलं नाही. या प्रकरणात आपण ते कागद एकेक करून पाहू. कोर्टाचं काम कुठे खरोखर लागतं आणि कुठे ते केवळ रीत म्हणून चालू आहे, हेही त्यातून दिसेल.

१. एका प्रश्नात तीन प्रश्न

माणूस गेल्यावर कायद्यापुढे तीन वेगवेगळे प्रश्न उभे राहतात, आणि आपण त्यांची सरमिसळ करतो.

पहिला प्रश्न असा की मागे राहिलेलं मृत्युपत्र खरं आहे का? त्याचं उत्तर म्हणजे प्रोबेट. मृत्युपत्रात ज्याला व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर, नेमलेलं असतं तो न्यायालयात अर्ज करतो. हे मृत्युपत्र मृताने शुद्धीत, स्वेच्छेने, दोन साक्षीदारांसमोर केलं होतं अशी खात्री पटली की न्यायालय त्यावर मोहोर उठवतं. दागिन्यावरच्या हॉलमार्कसारखी ही मोहोर आहे. सोनं खरं आहे एवढंच हॉलमार्क सांगतो. दागिना सासूचा की सुनेचा, हे सांगत नाही. प्रोबेटही मृत्युपत्र खरं आहे एवढंच सांगतं. त्यात लिहिलेली जमीन मुळात मृताचीच होती का, हा वाद निघाला तर त्याचा दावा वेगळा.

दुसरा प्रश्न: मृत्युपत्रच नसेल तर वारस कोण? त्यासाठी वारस दाखला. महाराष्ट्रात तो आजही ‘बॉम्बे रेग्युलेशन आठ’खाली, म्हणजे १८२७ सालच्या विनियमाखाली मिळतो.

तिसरा प्रश्न बँकेचा किंवा कंपनीचा असतो. मृताचे पैसे आमच्याकडे आहेत. ते कुणाच्या हाती द्यावेत, म्हणजे उद्या दुसरा कुणी वारस येऊन आमचा गळा धरणार नाही? याचं उत्तर उत्तराधिकार प्रमाणपत्र, म्हणजेच सक्सेशन सर्टिफिकेट. १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार ते फक्त येणी आणि रोख्यांसाठी असतं: ठेवी, शेअर, कुणाकडून येणं असलेली रक्कम. जमीन त्यात येत नाही. हे प्रमाणपत्र पाहून बँकेने सद्‌भावाने पैसे दिले की बँक मोकळी झाली. पैसे घेणारा मात्र मोकळा होत नाही, कारण त्याला इतर वारसांचा हिस्सा द्यावाच लागतो.

२. फलटणची गादी आणि १८२७ साल

वारसाला मान्यता देण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या हाती केवढी ताकद असते, हे फलटणला दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे.

नाईक निंबाळकरांचं फलटण संस्थान तेव्हा साताऱ्याच्या छत्रपतींच्या अखत्यारीत होतं. १८२५मध्ये साताऱ्याने फलटण जप्त केलं. १८२७मध्ये बाणाजी नाईकांना गादीवर बसण्याची परवानगी मिळाली, पण ३०,००० रुपये नजराणा भरल्यावर. पुढच्याच वर्षी बाणाजी वारले आणि संस्थान पुन्हा जप्तीत गेलं. ते सुटलं १८४१मध्ये. त्यांच्या विधवा पत्नीला दत्तक घेऊ दिलं गेलं, आणि पुन्हा ३०,००० रुपये नजराणा घेतला गेला. मधली १३ वर्षं वारसाचा प्रश्न लोंबकळत राहिला. पुढे सातच वर्षांनी, १८४८मध्ये, खुद्द साताऱ्याच्या शहाजी महाराजांनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक इंग्रजांनी नाकारला आणि सातारा खालसा केलं. छत्रपतींची बाजू मांडायला गेलेल्या रंगो बापूजींनी लंडनमध्ये वर्षानुवर्षं खेटे घातले.

बाणाजींनी पहिला नजराणा भरला त्याच १८२७ साली, इंग्रजी अंमलाच्या मुलखात, एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत मुंबई सरकारचे विनियम तयार झाले. त्यांतला आठवा वारसांच्या मान्यतेचा. त्याची रीत साधी होती. वारसाने अर्ज करायचा, न्यायालयाने जाहीरनामा काढायचा, कुणाची हरकत असेल तर एक महिन्यात सांगावी असं कळवायचं, हरकत नसेल तर दाखला द्यायचा. मालकी सांगणाऱ्या राजाच्या मर्जीपेक्षा ही रीत कितीतरी पुढची होती. मान्यतेसाठी दरबार नको, लोकांना विचारा आणि मुदत घाला, एवढाच तिचा गाभा. फलटण संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं आणि सातारा जिल्ह्याचा तालुका बनलं, तेव्हा ही रीत फलटणच्या रयतेपर्यंत पोचली.

मला या विनियमाबद्दल आदर आहे. दोष त्याचा नाही, त्यावर चढत गेलेल्या दप्तराचा आहे.

३. मुलुंड नाक्याच्या अलीकडे-पलीकडे

आता प्रोबेटकडे वळू. ते सक्तीचं होतं का? याचं उत्तर कालपरवापर्यंत तुमचं घर कुठे आहे यावर ठरत होतं.

१९२५च्या कायद्याचं कलम २१३ सांगत होतं की प्रोबेट घेतल्याशिवाय मृत्युपत्राच्या आधारे न्यायालयात हक्क सांगता येणार नाही. पण हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांना ही सक्ती फक्त जुन्या बंगाल प्रांतात आणि मुंबई-मद्रास उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी हद्दीत लागू होती. तिचं मूळ १८७०च्या हिंदू मृत्युपत्र कायद्यात आहे. पारशी समाज १९६२च्या दुरुस्तीने या हद्दींत आला, मुसलमानांना ती लागू नव्हती आणि भारतीय ख्रिस्ती २००२मध्ये सुटले. मुंबईपुरती हद्द बृहन्मुंबईची. त्यामुळे मुलुंडमधल्या फ्लॅटच्या मृत्युपत्राला प्रोबेट हवं आणि नाका ओलांडून ठाण्यातल्या फ्लॅटला नको, अशी स्थिती होती.

फलटणचा माणूस यात कसा सापडायचा? गिरणीत किंवा माथाडी म्हणून मुंबईत हयात घालवलेली सातारा जिल्ह्यातली माणसं पुष्कळ. गावी नीरा उजव्या कालव्याखाली थोडी शेती आणि परळ-लालबागला खोली. निवृत्तीनंतर गावी येऊन त्याने फलटणमध्येच मृत्युपत्र केलं, तरी मुंबईतल्या खोलीपुरतं त्याला प्रोबेट लागायचं. शेतीपुरतं लागायचं नाही. मृत्युपत्र एक, साक्षीदार तेच, सही तीच. एका ओळीला प्रोबेट हवं आणि खालच्या ओळीला नको!

विधी आयोगाने २००८मध्ये आपल्या २०९व्या अहवालात हे कलम वगळण्याची शिफारस केली. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने निरसन व सुधारणा कायदा करून ते वगळलं. शिफारशीपासून कायद्यापर्यंत १७ वर्षं गेली. प्रोबेट आता ऐच्छिक आहे. ज्याला हवं तो आजही घेऊ शकतो.

पण सक्ती गेली म्हणजे मृत्युपत्र सिद्ध करण्याची गरज गेली, असं समजू नका. कुणी हरकत घेतली तर साक्षीदारांपैकी निदान एकाला न्यायालयात उभं करावंच लागतं. नव्या साक्ष अधिनियमातही हा नियम कायम आहे. म्हणून साक्षीदार निवडताना आपल्या वयाचा जुना मित्र निवडू नये. आपल्यामागे वीस-पंचवीस वर्षं असेल, गाव सोडून जाणार नाही आणि मृत्युपत्रात ज्याला काही मिळणार नाही, असा माणूस निवडावा. नोंदणी ऐच्छिक आहे. ती केल्याने कागद बळकट होतो, पण नोंदलेलं मृत्युपत्रही संशयास्पद परिस्थिती दिसली तर न्यायालय नाकारू शकतं.

४. एका घराचं उदाहरण

समजा, फलटण तालुक्यातला एक शेतकरी मृत्युपत्र न करता गेला. मागे म्हातारी आई, पत्नी, दोन मुलगे आणि सांगलीला दिलेली मुलगी. स्वकष्टाचे पैसे असे: राष्ट्रीयीकृत बँकेत १२ लाखांची ठेव, सहकारी बँकेत ८ लाख. दोन्हीकडे नॉमिनी नाही. शिवाय गावच्या पतसंस्थेत थोडे, आणि तीन एकर जमीन.

आधी वाटणी पाहू. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार आई, पत्नी, मुलगे आणि मुलगी हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस आणि सगळ्यांचा हिस्सा समान. बँकांतल्या २० लाखांचे ५ भाग, प्रत्येकी ४ लाख. घरोघरी या यादीतून आजी गळते. ‘तिला काय करायचेत पैसे’ असं म्हणून तिचं नाव अर्जात घालतच नाहीत. पण तिचे ४ लाख तिचेच आहेत. ती मृत्युपत्र न करता गेली तर त्यांवर तिच्या इतर मुलामुलींचाही, म्हणजे काकांचा आणि आत्यांचाही, हक्क पोचतो. वर्षा-दोन वर्षांनी उपटलेल्या अनेक तंट्यांचं बीज या गाळलेल्या नावात असतं. (जमीन वडिलोपार्जित असेल तर हिशेब वेगळा, तो पुढच्या प्रकरणात.)

आता पैसे काढायला जाऊ. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५च्या निर्देशांनुसार नॉमिनी नसलेल्या खात्यात १५ लाखांपर्यंत रक्कम असेल आणि वारसांत वाद नसेल तर बँकेने सक्सेशन सर्टिफिकेटचा आग्रह न धरता ती द्यायची आहे. कागद पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत. सहकारी बँकांसाठी ही मर्यादा ५ लाख. म्हणजे १२ लाख कोर्टाविना सुटतील, आणि त्याहून लहान असलेल्या ८ लाखांसाठी कोर्टाच्या कागदाची मागणी होऊ शकेल. पतसंस्थेला तर हे निर्देशच लागू नाहीत, कारण ती रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, राज्याच्या सहकार खात्याच्या देखरेखीखाली असते. ग्रामीण सातारा-सांगलीत सामान्य माणसाचा पैसा सहकारी बँका-पतसंस्थांतच मोठ्या प्रमाणावर आहे. सवलत जिथे कमी, तिथेच तिची गरज अधिक.

आणि जमीन? तिच्यासाठी कोर्टात जावंच लागत नाही. वारसांनी तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वर्दी द्यायची. वारस नोंदवहीत, गाव नमुना ६-क मध्ये, चौकशी होते, नोटीस निघते आणि हरकत आली नाही तर मंडल अधिकारी फेरफार मंजूर करतो. सातबाऱ्यावर वारसांची नावं लागतात. २०२५मध्ये राज्याने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढून मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची लावण्याचं काम गावोगाव हाती घेतलं.

तीन एकर बागायतीची किंमत त्या ८ लाखांच्या कितीतरी पट. तरी जमीन चावडीवर मार्गी लागते आणि ठेव कोर्टात अडकते. कायदेपंडित सांगतील की फेरफाराने मालकी मिळत नाही, ती महसुली नोंद आहे. बरोबर आहे. पण त्याच सातबाऱ्यावर पीककर्ज मिळतं, त्याच सातबाऱ्यावर जमीन विकली जाते. वाद नसताना चावडीवरची नोटीस एवढ्या मोठ्या मालमत्तेला पुरते, तर लहान रकमेला न्यायाधीश कशाला लागावा, याचं समाधानकारक उत्तर मला मिळालेलं नाही.

५. तारीख का पडते

वाद नसलेल्या अर्जाचा प्रवास जवळून पाहू. अर्ज टाइप होतो. त्याला मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, मालमत्तेचं परिशिष्ट, प्रतिज्ञापत्र जोडलं जातं. न्यायालय इतर वारसांना नोटीस काढतं आणि जाहीरनामा वर्तमानपत्रात देण्याचा हुकूम करतं. ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ अशी सुरुवात असलेला तो चौकोन लहानशा टायपात कुठल्यातरी आतल्या पानावर छापून येतो. ज्याने वाचायला हवं तो वाचेल याची शाश्वती काहीच नाही.

सांगलीच्या मुलीची नोटीस तिथल्या न्यायालयामार्फत जाते. बेलीफ दुपारी जातो, घराला कुलूप असतं. नोटीस परत येते, मागे शेरा: सदर इसम पत्त्यावर मिळून आला नाही. पुढची तारीख. पुन्हा नोटीस, पुन्हा भत्ता. ती बजावून आली की पुराव्याचं शपथपत्र दाखल करायची तारीख. त्या दिवशी न्यायाधीश रजेवर किंवा बदलून गेलेले. मग आदेश, न्यायालयीन शुल्क, मागितल्यास हमीपत्र आणि शेवटी नकलेचा अर्ज. याच न्यायालयासमोर त्याच दिवशी मनाई हुकुमाचे अर्ज, बांधाचे दावे, वाटणीचे दावे असतात. ज्याच्यात दोन बाजूंचे वकील उभे आहेत ते काम आधी पुकारलं जातं, आणि ते स्वाभाविक आहे. बिनविरोध अर्जासाठी कुणीच भांडत नसतं, म्हणून तो मागे राहतो.

या सगळ्या प्रवासात न्यायाधीशाची बुद्धी लागते ती किती? शपथपत्रं वाचून, कागद ताडून पाहण्यापुरती. बाकी सगळं नोटिशीची वाट पाहणं.

६. नॉमिनी आणि वारस

‘नॉमिनी लावला की सगळं मिटलं’ हा समज इथे दूर करायला हवा. नॉमिनी म्हणजे पैसे स्वीकारून वारसांसाठी सांभाळणारा. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३मध्येच सांगितलं होतं. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत संभ्रम राहिला होता. तो ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेसंबंधीच्या प्रकरणात १४ डिसेंबर २०२३ रोजी दूर झाला. नॉमिनी मालक होत नाही, मालमत्ता मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणेच जाते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. तरीही नॉमिनी जरूर लावा. पैसे निदान बँकेतून बाहेर येतात. नोव्हेंबर २०२५पासून ठेवीला चार नॉमिनी लावता येतात.

७. न्यायाधीश हटवा, नोटीस हटवू नका

सुधारणा म्हटलं की पहिला शब्द येतो ‘झटपट’. मला त्याची भीती वाटते. वारसाच्या कामात घाई झाली की पहिलं नाव गळतं ते बहिणीचं. फेरफारात आपलं नाव लागलंच नाही, म्हणून प्रांताकडे अपील करणाऱ्या बायका कोणत्याही तालुक्यात आढळतील. आणि नाव लागलं तरी भाऊबीजेला माहेरी आलेल्या बहिणीपुढे टाइप केलेलं हक्कसोडपत्र किंवा ना-हरकत ठेवलं जातं. ‘ताई, इथं सही कर, काही नाही, कोर्टाचा कागद आहे.’ आपण किती रकमेवर पाणी सोडतोय हे तिला कुणी सांगत नाही. महाराष्ट्राने १९९४मध्ये आणि देशाने २००५मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. तो या सहीत विरघळतो.

म्हणून माझं म्हणणं असं की बिनविरोध प्रकरणं न्यायाधीशाच्या मेजावरून काढावीत, पण नोटीस आजच्यापेक्षा दसपट खरी करावी. राज्यासाठी एकच संकेतस्थळ असावं आणि तिथे प्रत्येक अर्ज गावाच्या नावानिशी दिसावा. चावडीवर कागद लागावा. प्रत्येक वारसाच्या मोबाइलवर मराठीत निरोप जावा: अमुक मालमत्तेत तुमचा हिस्सा इतके रुपये होतो, हरकत असल्यास ३० दिवसांत सांगा. संमती देणाऱ्या वारसाचा जबाब अधिकाऱ्याने स्वतः घ्यावा, भावाने आणलेल्या कागदावर नाही. व्हिडिओवरून जबाब घेण्याची सोय न्यायालयांत आता आहेच. सांगलीच्या मुलीने सांगलीच्या न्यायालयात जाऊन, माहेरच्या माणसांविना, आपलं म्हणणं सांगावं. मुदतीत हरकत आली नाही तर न्यायालयाच्या प्रबंधकाने ठरलेल्या दिवसांत दाखला द्यावा, आणि हरकत आली तर त्याच दिवशी फाइल न्यायाधीशाकडे जावी.

हे काही स्वप्नरंजन नाही. इंग्लंडमध्ये, जिथून प्रोबेट आपल्याकडे आलं, तिथे बिनविरोध अर्ज प्रोबेट रजिस्ट्री कागदांवरच निकाली काढते. सुनावणी होत नाही. आणि आपल्या शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून वेगळी रीत आहे. २०१२च्या कायद्याने ती नव्याने बांधली. वाद नसेल तर विशेष नोटरीसमोर वारसाहक्काचं खत होतं. वाटणी करायची असेल तर ‘इन्व्हेंटरी’ची कार्यवाही: कुटुंबातल्या एकाने सगळ्या मालमत्तेची यादी द्यायची, किंमत ठरवायची, आणि एखाद्या वस्तूवर एकमत झालं नाही तर वारसांनी आपापसांत बोली लावायची. सगळी मालमत्ता एकदाच, एकाच ठिकाणी मांडली जाते. त्या कार्यवाहीही रेंगाळतात, हे खरं. पण आपल्याकडे शेतासाठी चावडी, ठेवीसाठी कोर्ट, फ्लॅटसाठी सोसायटी, शेअरसाठी कंपनी अशा चार दारांवर तीच वंशावळ चार वेळा सिद्ध करावी लागते. एकच दाखला चारही दारांवर चालला पाहिजे.

कायद्यात असूनही न पाळली जाणारी एक गोष्टही पुन्हा जिवंत करायला हवी. प्रोबेट घेणाऱ्या व्यवस्थापकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब न्यायालयात दाखल करायचा आहे. पाठपुरावा करणारं कुणी नसेल तर दाखला हाती पडल्यावर हे सहज विसरलं जातं. यादी आणि हिशेब आले नाहीत तर प्रबंधकाकडून आपोआप स्मरणपत्र जावं आणि त्याची प्रत प्रत्येक वारसाला मिळावी.

यांतलं बरंचसं करायला संसदेची वाट पाहावी लागत नाही. १८२७चा विनियम विधानमंडळ बदलू शकतं, कारण वारसा हा समवर्ती सूचीतला विषय आहे. दिवाणी न्यायालयांच्या कामकाजाचे नियम मुंबई उच्च न्यायालय करतं. पतसंस्थांना १५ दिवसांची मुदत आणि ठरावीक रकमेपर्यंत दाखल्याची माफी लागू करणं सहकार खात्याच्या आदेशाने होऊ शकतं, आणि सुरुवात तिथूनच व्हावी.